बांधाची भिंत झाली

माझ्या गॅलरीतून नातवाच्या शाळेचे मैदान दिसते. सकाळची प्रार्थना घरात ऐकू येते. गॅलरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ रेषेत अंतर 140 मीटर. मी ते मोजले आहे; मोजणे हेच माझे छत्तीस वर्षांचे काम होते. पण पोराला शाळेत पोचवायचे तर सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून आतल्या रस्त्याने मुख्य रस्ता गाठायचा, मुख्य रस्त्याने शाळेच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि तिथून पुन्हा आत वळायचे. हा फेरा 1,900 मीटरचा. पावसाळ्यात टँकर आणि डंपर अंगावर चिखल उडवत जात असताना सहा वर्षांच्या मुलाला त्या रस्त्याच्या कडेने चालवत नेणे जिवावर येते. म्हणून 140 मीटरवरच्या शाळेसाठी आम्ही व्हॅन लावली आहे. आमच्याच इमारतीतल्या आणखी अकरा घरांनी लावली आहे. मध्ये आहे ती एक भिंत. आठ फूट उंच, वर काचा रोवलेली.

ही भिंत माझ्या जुन्या ओळखीची आहे. भिंत होण्याआधी ती बांध होती, आणि त्या बांधावर 1989 च्या उन्हाळ्यात मी फलकयंत्र लावून उभा होतो.

भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक होतो, लोकांच्या भाषेत मोजणीदार. 1981 साली नोकरीला लागलो, 2017 साली निवृत्त झालो. बहुतेक नोकरी पुण्याच्या आसपासच्या गावांत गेली. आज मी राहतो ते गाव पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्याच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही. वाघोलीपासून मांजरीपर्यंत कुठलेही घातले तरी चालेल. 2021 साली जी 23 गावे पुणे महापालिकेत आली, त्यांतल्या बहुतेकांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. त्या 23 गावांमुळे पुणे महापालिकेचे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले, मुंबईहूनही मोठे झाले. हे शहर वाढते म्हणजे नेमके काय होते, ते मी कागदावर नाही, शेतात उभा राहून पाहिले. त्यातल्या काही रेघा माझ्या हातच्या आहेत.

1989 ची ती मोजणी पोटहिश्शाची होती. चार भावांचे चार एकर. मुख्य रस्त्याला शेताचे तोंड दहा साखळ्या आणि रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत खोली सोळा साखळ्या. आमची शंकुसाखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. कागदावर हेक्टर-आर कधीच आले होते, पण बांधावर बोलणे व्हायचे ते साखळीतच. मी थोरल्याला म्हटले, "शेत आडवे-उभे वाटून घ्या, चार चौकोनी तुकडे पडतील, प्रत्येकाला कसायला सोपे जाईल." धाकटा लगेच म्हणाला, "साहेब, मागचा तुकडा माझ्या वाट्याला आला तर मी येऊ-जाऊ कुठून? मला रस्त्याला तोंड पाहिजे." बाकीच्यांचेही तेच. त्यांचे बरोबर होते. मागच्या हिश्शाला वाट ठेवायची तर पुढच्याची जमीन जाणार, आणि त्या वाटेवरून पुढे तीस वर्षे भांडणे होणार, हे तेही जाणत होते आणि मीही. शेवटी अडीच साखळ्या तोंड आणि सोळा साखळ्या खोली असे चार लांबट पट्टे पडले. प्रत्येकी एक एकर. संध्याकाळी हद्दीचे दगड रोवले, चौघांनी सह्या केल्या, थोरल्याच्या घरी चहा झाला.

अडीच साखळ्या म्हणजे साडेब्याऐंशी फूट. सोळा साखळ्या म्हणजे 528 फूट. पंधरा-सोळा वर्षांनी हे पट्टे चार वेगवेगळ्या वेळी, चार वेगवेगळ्या विकसकांना गेले. प्रत्येकाने आपल्या पट्ट्यात मुख्य रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत एक सरळ रस्ता काढला, दोन्ही बाजूंना इमारती उभ्या केल्या आणि शेजारच्या पट्ट्याच्या हद्दीवर भिंत घातली. प्रत्येकाचा नकाशा नियमात बसत होता. कुणी इंचभरही अतिक्रमण केले नाही. चारही रस्ते ओढ्याशी जाऊन थांबले आणि एकमेकांना कुठेच भेटले नाहीत.

आमच्या गावात मुख्य रस्त्याच्या 1,400 मीटर लांबीत एका बाजूला असे अकरा रस्ते आत जातात. मी एका रविवारी सगळे चालून पाहिले. अकराही आंधळे. एकही आडवा रस्ता नाही. वरून पाहिले तर फणी दिसेल: दात सगळे सुटे, जोडलेले फक्त कण्याशी. दहाव्या दातावरच्या माणसाला नवव्या दातावरच्या वाण्याकडून पावशेर साखर आणायची असेल तरी कण्यावर यावे लागते. कणा म्हणजे तो एकच मुख्य रस्ता, ज्याच्यावर पेपरवाले रोज 'कोंडी' म्हणून बातमी देतात. कोंडी रस्त्यावर आहे हे खरे, पण ती तयार होते आत, त्या अकरा रस्त्यांत. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो हिंजवडीला निघालेला असो की कोथिंबिरीची जुडी आणायला, त्याच एका नळकांड्यातून आपण ढकलतो.

पुण्यात पत्ता वाचला तरी शहर कसे वाढले ते कळते. माझ्या कामाची ती सवयच झाली आहे. पेठेतला पत्ता घर नंबर आणि पेठेचे नाव सांगतो. शिवाजीनगर, डेक्कन, एरंडवणे या भागातल्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' येतो. आणि त्याच्या बाहेर, धनकवडीपासून खराडीपर्यंत, येतो 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक', आणखी बाहेर गेले की 'गट नंबर'. फायनल प्लॉट या शब्दांत मोठा अर्थ आहे. तिथे कुणीतरी शेतांच्या हद्दी बाजूला ठेवल्या, सगळी जमीन एकत्र धरली, आधी रस्ते आखले आणि मग प्रत्येक मालकाला नव्या रस्त्यावरचा नवा भूखंड दिला. म्हणून तो 'फायनल', अंतिम. सर्व्हे नंबरचा पत्ता सांगतो की इथे कुणी काही आखले नाही. शेत जसे होते तसे विकले गेले आणि बांध जसा होता तशी भिंत आली. लाखो पुणेकर आपल्या आधार कार्डावर नांगराच्या वेळचा नंबर घेऊन वावरतात.

मी वाढलो सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळच्या एका वाड्यात. त्या पेठेचे गोडवे गाणारा मी नाही. अंधाऱ्या खोल्या, चार घरांत एक नळ, अग्निशमनची गाडी आत वळणार नाही असे कोपरे, हे सगळे मी भोगले आहे. पण शाळेला जायच्या पाच वाटा होत्या. एका वाड्याच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने बोळात निघायचे, बोळातून दुसऱ्या रस्त्याला. आई मंडईला जाताना एका वाटेने जायची आणि येताना दुसऱ्या, कारण परतीच्या वाटेवर मावशीचे घर होते. गणपतीत लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे चारही रस्ते विसर्जनाच्या मिरवणुकांनी भरलेले असतात. पेठेतला माणूस तरीही बोळाबोळांतून डॉक्टरकडे पोचतो. आमच्या नव्या गावात गेल्या एप्रिलमध्ये आतल्या रस्त्याच्या तोंडाशी जलवाहिनीसाठी खड्डा खणला तेव्हा चारशे घरे नऊ दिवस अर्धी कोंडली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायचे होते. रुग्णवाहिका तोंडाशी थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी तिथवर उचलून नेले. दुसरी वाट असती तर ती कुठून गेली असती ते मी दाखवू शकतो. आमच्या भिंतीतून, शाळेच्या मागून, पलीकडच्या रस्त्याला. चाळीस पावले.

तिथे वाट होती, हे मला सांगायलाच हवे. त्या बांधावरून ओढ्याकडे जाणारी पायवाट गावच्या नकाशात आहे. मोजणीची भाषा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाव नकाशात पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवतात आणि गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट. आकडे विचित्र वाटतात, पण साखळी डोळ्यांपुढे ठेवा. 33 फुटांच्या साखळीत सव्वाआठ म्हणजे चार आणे आणि साडेसोळा म्हणजे आठ आणे. चार आण्यांची पायवाट, आठ आण्यांची गाडीवाट. इंग्रजी अमलात ज्यांनी ही गावे मोजली त्यांनी प्रत्येक गावात शीवरस्ता, गाडीवाट, पायवाट नोंदवून ठेवली, कारण शेतावर पोचता आले नाही तर शेत कसले जात नाही आणि सारा येत नाही. कारण सरकारचे होते, पण वाटा लोकांच्या राहिल्या. पाणंदीतून बैलगाड्या गेल्या, बाया धुणे घेऊन गेल्या, प्रेते गेली, वराती गेल्या. गाव नकाशावर बोट ठेवून पाहा, कुठलीही पाणंद दुसऱ्या कशाला तरी जाऊन मिळते. आंधळ्या पाणंदी मी नोकरीत फार थोड्या पाहिल्या.

आज राज्य सरकार खेड्यांत पाणंद रस्त्यांवर पैसा घालते. 2021 साली मातोश्रींच्या नावाने त्याची योजनाही आली. मला तिचा आनंद आहे. पण शहराच्या वेशीवर, जिथे एका पाणंदीवरून उद्या दहा हजार माणसे जाणार आहेत, तिथे त्याच पाणंदी इमारतींच्या वाहनतळाखाली जात आहेत आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. जमीन बिनशेती होताना गटाची मोजणी होते, त्या गटाची हद्द कायम होते. शेजारच्या गटातून आलेली वाट या गटातून पुढे कुठे जाणार, हा प्रश्न त्या फायलीत येत नाही, कारण फाइल एका गटाची असते.

मग विकास आराखड्याचे काय, असे कुणी विचारील. आराखड्यात रस्ते असतात, रुंद असतात. चोवीस मीटर, तीस मीटर. त्यांच्यासाठी आंदोलने होतात, उद्घाटने होतात. पण ते रस्तेही तुकड्यातुकड्यांनी जन्माला येतात. ज्याला बांधकामाची परवानगी हवी तो आपल्या वाट्याची पट्टी देतो, पलीकडचा देत नाही. दोनशे मीटर झकास डांबरी रस्ता, दिवे, दुभाजक, त्यात लावलेली कण्हेर, आणि पुढे एकदम उसाचा फड. अशी दृश्ये पुण्याच्या चहूबाजूंना आहेत. बालेवाडी आणि वाकड यांना जोडणारा मुळेवरचा पूल बांधून तयार झाला आणि जोडरस्त्याची जागा मिळेना म्हणून वर्षानुवर्षे वाहतुकीविना उभा राहिला. महापालिका आता 'मिसिंग लिंक' शोधून काढते आहे, हे चांगलेच आहे. पण त्या याद्यांत असतात ते मोठे दुवे. शंभर मीटरचा, नऊ मीटर रुंदीचा, दोन सोसायट्यांच्या मधून जाऊन एका शाळेला दुसऱ्या बाजूने उघडणारा रस्ता त्यात नसतो. पायवाट तर नसतेच. आणि रोजच्या आयुष्यातल्या निम्म्या खेपा त्याच तोडीच्या असतात: शाळा, वाणी, दवाखाना, बसथांबा.

नगररचना शिकणाऱ्या माझ्या पुतणीने मला एक अभ्यास समजावून सांगितला. कॅनडातले ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अमेरिकेतले ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी जगभरच्या रस्त्यांचे नकाशे घेऊन कुठले रस्ते एकमेकांना मिळतात आणि कुठले आंधळे राहतात हे मोजले. 2020 साली ते प्रसिद्ध झाले. 1975 नंतर जगाच्या मोठ्या भागात नव्याने पडणारे रस्ते आधीच्यापेक्षा तुटक होत गेले, असे त्यात दिसले. अमेरिकेत मात्र, जिथे आंधळ्या गल्ल्यांची उपनगरे मोठ्या प्रमाणावर झाली, तिथे 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर ही वाट उलटली. नवे रस्ते पुन्हा एकमेकांना मिळू लागले. मला यातली एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. इमारत पडते, पुन्हा बांधली जाते. रस्त्याची आखणी बदलत नाही. आज जी रेघ पडेल ती आपल्या पणतवंडांच्याही नशिबी असेल. मोजणीदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही शंभर वर्षांपूर्वीचे हद्दीचे दगड उकरून काढतो आणि ते जागेवर सापडतात.

संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची जी संस्था आहे, यूएन-हॅबिटॅट, ती म्हणते की शहरातल्या जमिनीपैकी किमान 30 टक्के रस्त्यांना जावी आणि दर चौरस किलोमीटरला किमान 18 किलोमीटर रस्ता असावा. हे मी माझ्या मापात बसवून पाहिले. उभे-आडवे रस्ते सारख्या अंतरावर धरले तर साधारण दर 110 मीटरला एक रस्ता येतो. अकरा साखळ्या. म्हणजे त्या चार भावांच्या शेताच्या सोळा साखळ्यांच्या खोलीत मध्ये कुठेतरी एक आडवा रस्ता यायलाच हवा होता. एकच. आणि तो शेजारच्या गटांतून सलग पुढे जायला हवा होता. चार भावांची मिळून सहा-सात गुंठे जमीन गेली असती.

ती द्यायला ते तयार झाले असते का? एकेकट्याला विचारले तर कुणीच नाही. सगळ्यांना एकदम विचारले आणि सगळ्यांची सारखी गेली तर होतात, हे आपल्याच राज्याने दाखवले आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली सुधार न्यास स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. शेते आणि वाड्या होत्या तिथे आधी रस्ते पडले, मग घरे आली. सव्वाशे वर्षे होत आली, शिवाजी पार्कच्या आजूबाजूला आजही कुठल्याही गल्लीतून कुठल्याही गल्लीत पायी जाता येते. 1915 साली मुंबई प्रांताने नगररचनेचा कायदा केला, देशातला पहिला. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदाने काढायची, उरलेली जमीन मालकांना नव्या आकारात परत द्यायची, ही 'टी. पी. स्कीम' त्यातून आली आणि पुण्यातले ते फायनल प्लॉट तिच्यातूनच आले. आपल्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही तिच्यासाठी आख्खे प्रकरण आहे. कायदा हाताशी आहे. पण आपण विकास आराखड्याच्या नादाने तिला मागे टाकले. 1960 साली वेगळे झालेल्या गुजरातला हाच वारसा मिळाला होता. त्यांनी तो टाकला नाही. अहमदाबादमध्ये नवे भाग आजही टी. पी. स्कीमने पडतात. सुमारे 76 किलोमीटरच्या तिथल्या रिंग रोडची जमीनही मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने मिळाली. 2001 च्या भूकंपानंतर भुजचे अरुंद, बुजलेले रस्तेही याच पद्धतीने मोकळे केले गेले.

टी. पी. स्कीम सोपी आहे असे मी म्हणणार नाही. लवाद नेमावा लागतो, प्रत्येकाची हरकत ऐकावी लागते, वर्षे जातात. शेतकऱ्याला वाटते, आपली जमीन कापून घेणार. त्याच्या मनातली भीती मी बांधावर उभा राहून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. सरकारी कागदाने त्याला अनेकदा फसवले आहे. पण एक गोष्ट सगळे विसरतात. महाराष्ट्रातल्या शेतांची फेरआखणी आपण एकदा केली आहे. तुकडेबंदी आणि तुकडेजोडचा कायदा 1947 चा, त्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाल्या. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातून. लोकांनी एका ठिकाणचे शेत देऊन दुसऱ्या ठिकाणचे घेतले. त्यात चुका झाल्या, त्यांच्या दुरुस्त्या मी निवृत्त होईपर्यंत करत होतो. पण ते झाले, आणि तेही नुसत्या शेतीसाठी. हडपसरच्या मगरपट्ट्यात तर सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपण होऊन 400 एकरांहून जास्त जमीन एकत्र केली आणि तिच्यावर नगर वसवले. म्हणजे आमचा शेतकरी एकत्र येत नाही, हे म्हणणे खरे नाही. त्याला समोर बसवून, जाणाऱ्या गुंठ्यांचा आणि वाढणाऱ्या भावाचा हिशेब दाखवणारा माणूस लागतो.

जिथे घरे होऊन गेली तिथे काय करायचे, हा प्रश्न माझ्या घरचा आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत मी भिंतीत एक फाटक ठेवायचा प्रस्ताव मांडला. गाडीचे नाही, माणसाचे. पडला. एक भगिनी म्हणाल्या, "काका, बाहेरचे लोक आत येतील, मुली खेळत असतात." त्यांची काळजी मी हलकी मानत नाही. दोन मुलींचा बाप आहे मी. पण मी त्यांना एवढेच सांगितले की अंधार पडल्यावर मला भीती वाटते ती त्या ओढ्याकाठच्या आंधळ्या टोकाची, जिथे कुणी जात-येत नाही. रहदारीच्या बोळाला दहा खिडक्या लक्ष ठेवून असतात. मोटारींना अडवायचे तर खुशाल अडवा, मध्ये दगड रोवा. पेठेतल्या बोळाने हेच केले होते: गाडी शिरत नव्हती, माणूस जात होता, आणि दारात बसलेल्या म्हातारीला जाणारा-येणारा प्रत्येक जण माहीत होता. शाळेच्या वेळेपुरते सकाळी तासभर आणि दुपारी तासभर उघडणारे फाटकसुद्धा मला चालेल.

भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात कुणीतरी दोन विटा काढून पाय ठेवायला खोबण केली होती. काचा तेवढ्या जागी दगडाने झोडपून सपाट केल्या होत्या आणि वर गोणपाट टाकले होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई तिथूनच यायच्या. पलीकडच्या सोसायटीत त्यांची दोन कामे आहेत, आमच्याकडे एक. सभेनंतर आठवड्याभरात ती खोबण सिमेंटने बुजवली गेली. ताईंनी मला विचारले, "काका, तुमच्या मोजणीत किती भरतंय हो हे अंतर आता?" मी मोजून सांगितले. पलीकडच्या सोसायटीच्या दारातून आमच्या दारापर्यंत 2,100 मीटर. दिवसातून दोनदा येणे, दोनदा जाणे: साडेआठ किलोमीटरला थोडे कमी. त्यांनी आमचे संध्याकाळचे काम सोडले. मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही.

म्हणून माझे मागणे नव्या गावांसाठी आहे आणि ते आजचे आहे. ज्या गटांवर अजून ऊस आणि कांदा आहे तिथे इमारतीच्या पहिल्या परवानगीआधी आडवे रस्ते पडले पाहिजेत. टी. पी. स्कीम करता आली तर उत्तम. महापालिकेने आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) तिच्यासाठी भूकरमापक, नगररचनाकार आणि लवाद पुरेसे नेमावेत, कारण माणसेच नसतील तर योजना कागदावर राहते. ती होईपर्यंत निदान प्रत्येक बिनशेती मोजणीत शेजारच्या गटाच्या वाटा दाखवणे सक्तीचे करावे आणि ठरावीक अंतरावर हद्दीपर्यंत नेलेला, भिंत न घातलेला रस्ता सोडल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये. आज पलीकडे शेत असेल तर तो रस्ता शेताशी थांबेल. थांबू दे. उद्या पलीकडचा आला की मिळेल. आणि गाव नकाशातली प्रत्येक तुटक रेघ, एकेरी असो वा दुहेरी, सार्वजनिक वाट म्हणून आराखड्यात जशीच्या तशी उतरवावी. त्या वाटेचा हक्क नव्याने मागावा लागत नाही. तो आधीपासून गावाचा आहे.

आमच्या गावात अशी एक गाडीवाट अजून शिल्लक आहे. वेशीतल्या मारुतीपासून निघते, दोन ओढे ओलांडते आणि मुळा-मुठेच्या काठी जुन्या दहनघाटाशी पोचते. पूर्ण एकवीस फूट आहे, मी गेल्या महिन्यात दोन तरुणांना बरोबर घेऊन फितीने मोजली. एका बाजूला निंबाची झाडे, दुसऱ्या बाजूला चर. उसाच्या बैलगाड्यांची चाकोरी अजून उमटलेली आहे. परवा सकाळी पुन्हा गेलो तर वाटेच्या मधोमध चुन्याची ताजी रेघ होती आणि दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढून मी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. खाली गावातल्या 63 जणांच्या सह्या आहेत. त्यांत 1989 च्या त्या चार भावांपैकी धाकट्याची सही पहिली आहे.